एसीवाल्या पगारेताई

आमच्या घरात एसी आला तो हौसेने आला नाही. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला आणि ते अंथरुणाला खिळले. उन्हाळ्यात घामाने त्यांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, "खोली गार ठेवा, नाहीतर जखमा भरायच्या नाहीत." शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. तेव्हा नाशकात घरी एसी म्हटलं की लोक भुवया उंचावायचे. "नाशिकला कशाला हवा एसी? संध्याकाळी गंगापूर रोडला एक चक्कर मारून या," असं ऐकवणारी माणसं आमच्याच नात्यात होती. आम्ही एका बंद झालेल्या ऑफिसातला जुना एसी विकत घेतला, इंदिरानगरच्या आमच्या छोट्या फ्लॅटमधल्या खिडकीचा निम्मा भाग काढून तो बसवला, आणि पंधरा दिवसांत अण्णांची पाठ सुकायला लागली.

पुढच्याच वर्षी, ऐन एप्रिलात, तो बंद पडला. म्हणजे पंखा फिरायचा, वारा यायचा, पण गारवा नाही. दुकानातून माणूस आला. त्याने पुढचं झाकण उघडलं, आत डोकावला, झाकण लावलं. "कंप्रेसर गेला. आठ हजार." मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते आणि आठ हजार म्हणजे माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. यांनी पतपेढीचा अर्ज आणून ठेवला. अण्णांना बोलता येत नव्हतं, पण सगळं कळत होतं. ते डाव्या हाताने 'नको, नको' करत राहिले.

शाळेत मी हे बोलले तेव्हा विज्ञानाच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "सही करायच्या आधी एकदा पगारेताईंना दाखव. फ्रीज-एसी करतात. बाई आहेत, पण करतात." हा 'पण' पुढे मी अनेकांच्या तोंडून ऐकला. त्या दिवशी तो माझ्याही मनात होता.

दुसऱ्या दिवशी दारात लूना थांबली. तिशीच्या, सडसडीत, पंजाबी ड्रेसवर पुरुषी खाकी शर्ट चढवलेल्या, खांद्याला किराणा दुकानात असते तसली जाड पिशवी. मी त्यांच्या पाठीमागे बघत विचारलं, "मेकॅनिक मागून येतायत का?"

"मागून कोणी नाय येत, मॅडम. मीच हाय."

त्या आत आल्या आणि एसीकडे न जाता आधी अण्णांच्या पलंगाशी गेल्या. "बाबा, थोडा आवाज होईल. चालंल ना?" अण्णांनी मान हलवली. दोन वर्षांत त्या खोलीत येणाऱ्या कुणी त्यांची परवानगी घेतली नव्हती.

मग त्यांनी पिशवीतून जुन्या साडीचा तुकडा काढून एसीखाली पसरला आणि मशीनला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. चालू केल्यावर घरातले दिवे क्षणभर मंद होतात का? स्टॅबिलायझर कधी घेतला? आधी 'हूंऽऽ' असा आवाज येतो, मग 'टक्' आणि गप्प, असं होतं का?

"हो, अगदी तसंच."

"मग कंप्रेसर गेला नाय. बोलतोय तो. मेलेला बोलत नसतो."

पाऊण तास लागला. पंख्यात असतो तसाच कंडेन्सर एसीतही असतो, फक्त मोठा. तो कंप्रेसरला सुरू व्हायला धक्का देतो. आमचा टम्म फुगला होता. त्यांनी नवा घातला, बटण फिरवलं, आणि खोलीत गार झुळूक आली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. डाव्या हाताने त्यांनी ताईंना जवळ बोलावलं आणि तो हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, कारण मला तिथे उभं राहवेना.

दोनशे ऐंशी रुपये. आठ हजारांच्या जागी दोनशे ऐंशी. फुगलेला जुना कंडेन्सर त्यांनी माझ्या हातात दिला. "काढलेला पार्ट तुमचा. ज्याला दाखवायचा त्याला दाखवा."

"तो दुकानवाला खोटं बोलला म्हणायचा," मी चिडून म्हटलं.

"खोटं नसंल बोलला. बघितलंच नसंल."

जाता जाता त्यांनी एसीची जाळी काढून ती धुवायची कशी ते मला करायला लावून शिकवलं. "हे दर महिन्याला करायचं. यासाठी मला बोलवायचं नाय. बोलावलं तर पैसे घेईन अन् वर हसंन बी."

सुनंदा पगारे मूळच्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत खलाशी. "आमच्याकडं चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाय, अन् मी निघाले थंडीचं मशीन शिकायला," असं त्या स्वतःच सांगायच्या. नाशिकच्या आयटीआयच्या खिडकीवर कारकुनाने त्यांच्या हातात न विचारता शिवणकामाचा अर्ज दिला होता. तो परत करून त्यांनी रेफ्रिजरेशनचा मागितला. "मला शिवण येत होतं आधीच, मॅडम. येतं तेच परत शिकायला पॅसेंजरचा पास कशाला काढायचा?" वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच होत्या. शिकून झाल्यावर सहा वर्षं एका दुकानाच्या मागच्या खोलीत काम केलं. दुरुस्ती त्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या घरी मशीन घेऊन जायचा दुसरा माणूस. बाई दिसली तर गिऱ्हाईक बिचकतं, असं मालकाचं म्हणणं. सातव्या वर्षी त्यांनी लूना घेतली आणि गिऱ्हाइकासमोर स्वतः उभ्या राहिल्या. नवरा एका शाळेत शिपाई होता; संध्याकाळच्या भाकऱ्या तोच थापायचा, आणि त्या चांगल्या नसतात असं ताई सगळ्यांदेखत सांगायच्या. तो हसायचा. रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीतल्या विहाराचे पंखे, फ्रीज, पाण्याची मोटर असं काहीतरी त्या फुकट करत बसलेल्या असायच्या.

त्यांची एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. काम झालं की एसीच्या पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्या पेन्सिलने लिहायच्या: तारीख, काय बिघडलं, काय घातलं, किती घेतले. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पेशंटचा केसपेपर पेशंटजवळच पाहिजे. उद्या मी नसले, दुसरा आला, तर त्याला बी कळंल. अन् तुम्हाला कोणी म्हटलं की हे गेल्या वर्षीच बदललं होतं, तर झाकण उघडून वाचायचं."

आणि आकडा त्या फोनवर कधीच सांगायच्या नाहीत. लोक वैतागायचे. "अहो, अंदाजे तरी सांगा!" त्यांचं उत्तर ठरलेलं. "डॉक्टर फोनवर ऑपरेशन सांगत नाय. बघायला यायचे पन्नास रुपये, ते ठरलेले. उघडल्यावर आकडा सांगीन. पटला तर करू, नाय पटला तर पन्नास देऊन मला चहा पाजायचा अन् वाटेला लावायचं."

देवळाली कॅम्पातल्या कर्नलसाहेबांचा किस्सा मला त्यांच्या पत्नीनेच सांगितला. त्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. साहेब निवृत्त झालेले, मिशा मात्र अजून हजेरीवर. त्यांच्या एसीत दर मार्चला गॅस भरावा लागायचा. चार वर्षं भरत होते. पाचव्या वर्षी नेहमीचा माणूस गावाला गेला, म्हणून पगारेताई आल्या.

"गॅस भरो," साहेब म्हणाले.

ताईंनी मशीन बघितलं. "गॅस कमी हाय, बरोबर. पण भरणार नाय."

"पैसे मैं दे रहा हूँ ना?"

"म्हणूनच नाय भरत, सर. गॅस काय पेट्रोल हाय का, चालवलं की संपायला? बंद नळीत फिरत राहतो बिचारा. कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक हाय. आधी भोक, मग गॅस."

साहेबांना नकार ऐकायची सवय नव्हती. आवाज चढला. पत्नी सांगायच्या की त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या आणि त्यांना वाटलं, आता ही बाई रडणार. ताई रडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या पलटणीतल्या ड्रायव्हरनं पंक्चर टायरमध्ये चार वर्षं नुसती हवा भरली असती, तर तुम्ही त्याचं काय केलं असतं?"

साहेब मशीनजवळ येऊन वाकून बघायला लागले. मग साहेब म्हणाले, "छेद ढूँढने को साबुन लगेगा?" आणि पुढचा तासभर त्यांनी स्वतः साबणाच्या फेसाची वाटी धरली. ताई ब्रशने नळीला फेस लावत गेल्या. मागच्या वळणावर, जिथे नळी पत्र्याला घासत होती, तिथे एक बुडबुडा हळूच फुगला. "वो देखो!" साहेब ओरडले, जणू शत्रूचा रणगाडाच दिसला. भोक झाळून बुजवलं, नळी पत्र्यापासून सोडवली, गॅस भरला. त्यानंतर ते घर सोडेपर्यंत त्या मशीनला गॅस लागला नाही. साहेबांनी स्वतः शेजारच्या बंगल्यांमध्ये जाऊन ताईंचं नाव सांगितलं. दोन उन्हाळ्यांत निम्मा कॅम्प त्यांचा झाला.

ताई चुकायच्या नाहीत असं नाही. एकदा चुकल्या, आणि ते त्यांनी मला स्वतः सांगितलं. मखमलाबादला शेवंती आणि गुलाब करणारं एक कुटुंब होतं. नवं स्लॅबचं घर भट्टीसारखं तापायचं म्हणून त्यांनी एसी घेतला होता. तो बंद पडला. त्या दिवशी ताईंना चार ठिकाणी जायचं होतं. घाईत तपासलं आणि सांगितलं, कंप्रेसर गेला. नवा बसवला, पैसे घेतले. त्या घरच्या म्हातारीने जुना कंप्रेसर नको म्हटलं, म्हणून त्या तो घेऊन आल्या. पंधरा दिवसांनी भंगारात द्यायला काढला, आणि सहज म्हणून तारा जोडून बघितल्या. तो चालू झाला. छान, अजिबात न थरथरता चालू झाला. बिघाड फक्त जोडणीच्या एका जळालेल्या टोकात होता.

"रात्रभर झोप नाय लागली, मॅडम. ज्याला मी नावं ठेवत आले, तेच मी केलं. बघितलंच नाय."

सकाळी त्यांनी भिशी उचलली आणि मखमलाबादला गेल्या. घरची माणसं फुलांच्या पाट्या भरत होती. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी चूक झाली, हे तुमचे पैसे. घरधनी गोंधळला. "ताई, आम्हाला तर कधी कळलंबी नसतं."

"मला कळलंय ना."

तो पैसे घेईना, या मागे घेईनात. शेवटी म्हातारी मधे पडली. "घे रे पैसे. तिचं ओझं आपण कशाला ठेवायचं?" मग ती ताईंकडे वळली. "अन् तू ऐक. आता आमच्या मशीनला तुझ्याशिवाय कोणी हात नाय लावायचा." त्या दिवसापासून ताई प्रत्येक जोडणी दोनदा तपासायच्या, मागून कितीही घाई असो.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन हजार चार-पाचपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एसी आला होता. बहुतेकांचा एका एजन्सीशी वर्षाचा करार. ताईंकडे फक्त आम्ही आणि आणखी दोन घरं. एका एप्रिल दुपारी बाहेरच्या खांबावरची तार तुटली आणि घराघरांत एकदम जास्त दाबाची वीज आली. बल्ब फुटले, टीव्हीतून धूर आला आणि अकरा घरांचे एसी एका फटक्यात गप्प झाले.

एजन्सीचा सुपरवायझर आला. गळ्यात टाय, हातात छापील फॉर्म. तासाभरात त्याने अकरा घरं उरकली. "अकराही कंप्रेसर गेले. आणि करारात कंप्रेसर येत नाही." करारपत्राच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ते खरंच लिहिलं होतं. एकदम अकरा बदलले तर सूट मिळेल, पण सोमवारपर्यंत ठरवा. पार्किंगमध्ये मीटिंग झाली. पहिल्या मजल्यावर शेखभाभींच्या घरी बाळंतीण लेक आलेली, वर देवरे आजोबा दम्याचे. लोक घाबरले होते. आमचे चेअरमन जोशीकाका, हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, सही करायला तयार झाले. सेक्रेटरी आमचे हे. ते म्हणाले, "एक दिवस थांबू. पगारेताईंना दाखवू."

"ती लूनावाली?" मागून कुणीतरी हसलं.

रविवारी सकाळी ताई आल्या. सुपरवायझरही आला होता. त्यांना बघून तो म्हणाला, "बाई, हा मिक्सर नाही."

"नाय ना. मिक्सर असता तर तुम्हाला बी जमला असता," ताई म्हणाल्या. मग पिशवी खाली ठेवत, "असं करू. एक मशीन तुम्हीच निवडा. सगळ्यात जास्त मेलेलं."

त्याने जोशीकाकांचं निवडलं. त्यांच्या हॉलमध्ये अर्धी सोसायटी जमली, उरलेली जिन्यात. ताईंनी मशीन उघडलं, कंप्रेसरवरच्या तारा सोडवल्या आणि मीटर जोशीकाकांच्या हातात दिला. "काका, तुम्ही हिशेबातले. कंप्रेसरला तीन खिळे असतात. मी दोन-दोन खिळ्यांना तारा लावते, तुम्ही आकडा वाचा. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी आली, तर आतलं वायंडिंग शाबूत. नाय आली, तर हे साहेब बरोबर अन् मी घरी जाते."

काकांनी चष्मा पुसला. "दोन पूर्णांक एक." तारा हलल्या. "चार पूर्णांक तीन." जिन्यातली माणसं पुढे सरकली. तारा पुन्हा हलल्या. काका मीटर डोळ्यांजवळ घेऊन थांबले, आणि मग त्यांचा आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. "सहा पूर्णांक चार! अहो, ताळा जमला! ताळा जमला!"

जळाला होता तो कंडेन्सर, आणि कंप्रेसरच्या डोक्यावर बसणारा, तो तापला की वीज तोडणारा बटणाएवढा एक भाग. दोन्ही नवे घातले. एसी हुंकारला, थरथरला आणि चालू झाला. हॉलमध्ये असा कल्लोळ उठला की शेखभाभींची नात खाली जागी होऊन रडायला लागली.

संध्याकाळी पाचपर्यंत ताई जिने चढत-उतरत होत्या. मागे आमची सगळी वरात. जोशीकाका मीटर कुणाला देईनात. दर घरी आकडे तेच वाचायचे. दहा एसी चालू झाले. देवरे आजोबांनी गार खोलीत बसून पोटभर श्वास घेतला आणि तिथूनच हात जोडले. अकरावं मशीन शेखभाभींचं. तिथे बेरीज जमली नाही. काकांनी तीनदा वाचली, तरी नाही. ताई भाभींच्या शेजारी बसल्या.

"भाभी, हा खरंच गेला. अन् मशीन तुम्ही जुनंच घेतलेलं, बारा वर्षांचं हाय. यात नवा कंप्रेसर टाकू नका. नव्याच्या निम्म्याच्या वर खर्च येणार असंल, तर म्हाताऱ्या मशीनमध्ये घालायचा नाय. थोडी भर घालून नवं घ्या. तोवर माझ्याकडं एक जुना हाय, तो उद्या आणून बसवते. बाळाला उकडायला नको."

सुपरवायझर दिवसभर थांबला होता. टाय त्याने कधीच खिशात घातला होता, आणि शेवटच्या चार घरांत ताईंची शिडी तोच धरत होता. निघताना हळू म्हणाला, "आम्हाला जे सांगतात तेच आम्ही बोलतो, ताई."

"आता मशीनला विचारून बोलत जा," ताई म्हणाल्या, आणि बेरजेचं गणित त्याला पुन्हा एकदा नीट समजावून सांगितलं.

पुढच्या महिन्यात सोसायटीने सगळ्या एसींचं काम ताईंना दिलं. करार त्यांनीच लिहून आणला. एकच पान, मराठीत, ठसठशीत अक्षरांत. सगळ्यात वर 'यात काय येत नाही' ते, आणि खाली 'काय येतं' ते. जोशीकाका म्हणाले, चाळीस वर्षांत इतका सरळ कागद मी पाहिला नाही. शेजारच्या दोन सोसायट्यांनी त्याची झेरॉक्स मागितली, आणि कागदापाठोपाठ ताईंनाही बोलावलं. वर्षभरात नाशिकरोडला त्यांचं दुकान उभं राहिलं. पाटीवर त्यांचं पूर्ण नाव, लांबून वाचता येईल असं. ज्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या सहा वर्षं बसल्या होत्या, त्याचा मालक एक दिवस काम मागायला आला. ताईंनी त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि दोन सोसायट्या दिल्या. "हात चांगला हाय त्यांचा. नुसती नजर आखूड होती," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर आमची भेट कमी होत गेली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिंडोरीकडे. यांचे मावसभाऊ तिकडे द्राक्षं करतात. तिथल्या काही बागायतदारांनी मिळून माल ठेवायला शीतगृह बांधलं होतं, आणि मशिनरी बसवायचं काम पगारेताईंना दिलं होतं. ते सुरू करायच्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. दोनशे माणसं मांडवात घाम पुसत बसली होती, आणि ताई सकाळपासून आतच होत्या. तापमान ठरल्याएवढं उतरलं तरच हो म्हणणार, तोवर नारळ फोडायचा नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. आमदारसाहेबही खुर्चीत बसून वाट बघत होते.

बाराच्या सुमारास ते जाड दार उघडलं आणि आतून पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर आला. त्यातून पगारेताई आल्या. अंगात पुरुषी लोकरी स्वेटर, डोक्याला मफलर, नाक लालबुंद, हातात द्राक्षांचा गारेगार घड. त्या हसत होत्या, आणि भर एप्रिलात, त्या दारातल्या गारठ्यात, त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मांडवातली सगळी माणसं उठून उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणी टोप्या उडवल्या.

ताईंनी घड उंच धरला आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "टाळ्या मागून वाजवा! आधी दार लावा, गार बाहेर चाललंय!"

आमदारांसकट चार जण दाराकडे धावले.